व्याह्यांच्या बुडाखालचा सर्फबोर्ड

प्रिय अक्का,

तुझ्या तेराव्याच्या पंगतीत मालू तुझ्याबद्दल म्हणाली, “बिचारी! हिला कुणी पसंतच केलं नाही.” भटजी समोर होते म्हणून मी गप्प बसले. आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर म्हणायच्या, राग आला तर कागदावर उतरवा आणि कागद फाडून टाका. पहिलं करते आहे. फाडण्याचं बघू.

आणि हे म्हणणारी कोण? आपली मावसबहीण! जिच्या लग्नात, मद्रासला, ते सगळं घडलं, ती! म्हणे, ‘मी नवरी, मान खाली घालून बसले होते.’ मान खाली होती, कान तर उघडे होते ना?

साठ-एकसष्ट साल असेल. मी चौदा वर्षांची. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. माझ्या वेण्या, माझी दुखणी, शाळेतून येणाऱ्या माझ्या तक्रारी, सगळं तुझ्याकडे. माझ्या वर्गातल्या डोरीनचं घर तेव्हा ऑस्ट्रेलियाला निघालं होतं. बंगळूरच्या रिचर्ड्स टाउनातल्या त्यांच्या व्हरांड्यात सगळं सामान विकायला मांडलेलं, आणि त्यात दोन सर्फबोर्ड! पोटावर पडून लाटेबरोबर किनाऱ्याला यायचं, तसले लाकडी. डोरीनचा आखूड, निमुळता, निळा, त्यावर पांढरा मासा काढलेला. तिच्या भावाचा रुंद, बिनरंगाचा, उभा केला तर तुझ्या खांद्याला लागणारा.

मला अर्थातच मासा हवा होता. मालूच्या लग्नाला मद्रासला जायचंच होतं, समुद्र आयता मिळणार होता. तू दोन्ही बोर्ड भिंतीला उभे करून पाहिलेस आणि म्हणालीस, “मोठा घेऊ. वाढतं अंग आहे.”

“अक्का, तो काय फ्रॉक आहे?”

“फ्रॉकच्या वेळीही अशीच रडतेस. दोन वर्षांनी दाब उसवला की मग गप्प.”

युनिफॉर्म वाढत्या अंगाचा, बूट वाढत्या अंगाचे, रेनकोट तर एवढा की त्यात डोरीनही मावली असती! आता समुद्रातही तेच? घोड्याच्या जटक्यात घरी येईपर्यंत मी तुझ्याशी बोलले नाही. आणि तू? बोर्ड मांडीवर आडवा धरून खुशाल शेंगा खात होतीस.

अण्णा बापाच्या आवाजात म्हणाले, “मुलींनी समुद्रात जायचं? लोक काय म्हणतील?”

“लोक बंगळूरला असतात, अण्णा. समुद्र मद्रासला आहे.”

स्टेशनवर हमालानं विचारलं, “इदेनम्मा, बागिला?” त्याला ते दार वाटलं. “हो,” तू कन्नडमध्ये म्हणालीस, “घर मागनं येतंय.”

लग्नघरी बोर्ड जिन्याखाली ठेवला. मुहूर्त लागला, पानं मांडायला घेतली, आणि मावशीकडच्यांनी काय करावं? मालूचे सासरे चांगले ऐसपैस, नेहमीच्या पाटावर मावेनात. कुणीतरी जिन्याखालचा ‘मोठा पाट’ पाहिला. धुऊन पुसून आणला, भोवती रांगोळी काढली, आणि व्याह्यांना थाटात त्यावर बसवलं!

आपली रात्रीची गाडी. मध्ये काय ती एक दुपार. व्याह्यांचं जेवण झालं, विडा झाला, तरी ते उठेनात. तिथंच बसून घराण्याचा इतिहास सांगू लागले. त्यांच्या पणजोबांपर्यंत आले तेव्हा मला रडू फुटायचं बाकी राहिलं होतं.

आणि तुझं सगळं त्यांच्याच हातात होतं. त्यांच्या पुतण्यासाठी तुला विचारलं होतं. लग्नात मुलगी पाहतो, मग कळवतो, असं ठरलेलं. सकाळपासून मावशी तुझ्या कानाशी होती, “खाली बघ. हळू बोल. पुढे पुढे करू नकोस.” मलाही ते ठाऊक होतं. म्हणून मी म्हटलं, “राहू दे, अक्का. पुढच्या वेळी.”

तू माझ्याकडे पाहिलंस. मग सरळ जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिलीस.

“मामा, जरा उठता का?”

“का गं? उष्टी काढायचीत?”

“नाही. तुम्ही बसलात ती आमची फळी आहे. धाकटीला समुद्रावर न्यायचंय.”

मावशी तुपाची वाटी घेऊन होती तशीच उभी.

“मुलाच्या बापाला पानावरून उठवतेस?” व्याही म्हणाले.

“पानावरून कसं उठवीन, मामा? विडा होईपर्यंत थांबले होते.”

ते उठले. तू फळी काखेत मारलीस, तिच्या कोपऱ्याला लागलेली रांगोळी पदरानं पुसलीस, आणि आपण निघालो.

किनाऱ्यावर जुन्या लुगड्याचं एक टोक तू माझ्या कमरेला बांधलंस, दुसरं आपल्या मनगटाला. “गुडघाभर पाण्याच्या पुढे गेलीस तर ओढून आणीन, लोकांदेखत!” पहिल्या लाटेनं मला वाळू चारली. दुसरीनंही. मग तू स्वतः पाण्यात आलीस, फळी दोन्ही हातांनी धरलीस, मागून फेस येताना दिसला तशी म्हणालीस, “आता!” आणि ती रुंद, ओबडधोबड फळी ना डगमगली ना उलटली. मला उचलून तिनं थेट कोरड्या वाळूपाशी सोडलं. त्या आखूड निळ्या माशावरून मी किती वेळा पडले असते, देव जाणे!

मी ओरडत परत आले, “पुन्हा!”

तू म्हणालीस, “आता लुगडं तू धर.”

आणि लग्नातली साडी खोचून तू त्या फळीवर पालथी पडलीस! पावलं तेवढी बाहेर राहिली, बाकी सगळी मावलीस. लाट आली. तुला इतकं मोठ्यानं हसताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

वाढतं अंग म्हणे! कुणाचं गं? तेविशीतल्या बाईचं?

पुढे मावशीचा निरोप आला, मुलगी फार पुढे पुढे करते म्हणतात, नको. तू डोसा उलटत होतीस. “सरी, बरं,” म्हणालीस, आणि दुसरा घातलास. नंतर आणखी दोन स्थळं आपणहून चालत आली, ती तू परत पाठवलीस. मालूच्या हिशेबात ती नाहीत.

पण माझा तुझ्यावरही राग आहे. कितीदा विचारलं, “माझ्यामुळे मोडलं का गं?” दर वेळी तुझं एकच, “गप, जेव.” एका दुपारच्या खेळापायी मी तुझा संसार घालवला, हे मनात घेऊन मी म्हातारी झाले. “तुझ्यासाठी नाही, मलाच जायचं होतं,” एवढं एकदा म्हटलं असतंस तर? व्याह्यांना उठवणाऱ्या बाईला एवढंही म्हणवलं नाही?

आता तुला विचारायची सोय नाही. त्या हसण्यावरून माझं उत्तर मी ठरवलं आहे. चुकीचं असेल तर असू दे. तू सांगितलं नाहीस, आता मी ऐकायची नाही.

येत्या रविवारी मल्लेश्वरमला मालूकडे जाणार आहे. तिच्या सुना, नातवंडं, सगळी असतात. त्या सगळ्यांसमोर मद्रासची ती दुपार पहिल्यापासून सांगेन, आणि तू स्वतः त्या लाटेवर कशी आलीस तेही. हा माझा शब्द. मालूला हल्ली कमी ऐकू येतं. मी मोठ्यानं सांगेन.

तुझी धाकटी,
कुमी