बाजार बंद असताना मोबाईलवर वाचलेलं

आप्पा, आज इथला बाजार बंद आहे. कुणीतरी पुढारी वारला म्हणून सराफ गल्लीची सगळी शटरं खाली ओढलीत, भट्टी गार पडलीय, आणि मी दुकानाच्या माळ्यावर पालथा पडून सकाळपासून मोबाईल वाचतोय. आठवीतून शाळा सोडलेल्या माणसाचं वाचन ते. शाळेत ओळीवर बोट ठेवून वाचायचो. इथं बोट ठेवलं की अख्खं पानच वर पळतं, मग हात लांब धरून नुसते ओठ हलवायचे. आत्ता हे सुद्धा मी बोलतोय आणि मोबाईल लिहून घेतोय. माझं बोलणं तो त्याच्या मनानं धुऊन पुसून घेतो, त्यामुळं मधेच मी शाळामास्तरासारखा वाटलो तर हसू नका.

वाचायला बसलो ते एका कामासाठी. धाकटा उद्या संध्याकाळी मिरजेहून गाडीत बसणार होता, इकडं यायला. बारावी झाली, पुढं काही जमलं नाही, आणि शेठनं परस्पर आईला कळवून टाकलं की पाठवा, माणूस पाहिजेच आहे. शेठ म्हणजे तोच, आपल्या शेजारच्या गावचा, तुमच्याबरोबर पहिल्यांदा ह्या मुलखात उतरलेला. त्यानं पुढं स्वतःचं दुकान टाकलं, तुम्ही शेवटपर्यंत दुसऱ्याचं सोनं गाळणारे गलाई कामगारच राहिलात. आईनं धाकट्याची बॅग भरली होती. सकाळी फोनवर म्हणाली, "तू हायस म्हनून पाठवती बाबा." तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही. गेल्या पावसाळ्यापासून मला हा माळ्याचा जिना चढताना दम लागतो, आणि तो दम ओळखीचा वाटतो. शेवटच्या वर्षी तुम्ही रानातून घरी येताना कुठं कुठं टेकायचात, त्या जागा मला अजून पाठ आहेत. म्हणून म्हटलं, आज भट्टी बंद आहे तर एकदा नीट शोधू, आपण जे काम करतो त्यानं माणसाला होतं तरी काय. धाकट्याला ये म्हणायचं का नको, ते आजच सांगायला पाहिजे होतं.

पण मोबाईलला एक विचारावं तर तो भलतंच काहीतरी पुढं सरकवतो. मोबाईलची बॅटरी का फुगते, ते वाचलं. कोथिंबीर आठवडाभर हिरवीगार कशी ठेवायची, ते वाचलं. मला इथं सांबार-भात मिळतो, कोथिंबीर घेऊन मी काय करू, पण वाचत गेलो. चंद्रावर बर्फ आहे. डाव्या कुशीवर झोपावं. शर्टावरचा चहाचा डाग लिंबानं जातो, आणि त्याच्याच खाली दुसरा कुणी सांगतो की लिंबानं मुळीच जात नाही. मग एक मात्र असं वाचलं की तुम्ही असता तर उठून बसला असता. सोनं म्हणे जमिनीत तयारच होत नाही. विझलेले दोन तारे एकमेकांवर आदळतात, त्या दणक्यात ते होतं, आणि ही पृथ्वी तयार व्हायच्या आधीपासून ते इकडं तिकडं धुळीत पडलेलं होतं. आपण इथल्या बायांचे जुने झुबे, तुटक्या साखळ्या वितळवतो, ते असलं काहीतरी. मला एकदम वाटलं, हे कुणालातरी सांगावं. माळ्यावर मी एकटा. खाली शेठ. शेठला सांगितलं असतं तर म्हणाला असता, ताऱ्याचं असू दे, गाळल्यावर वजनात घट किती आली ते सांग.

मग शेवटी हवं ते सापडलं. ॲसिडचा धूर. सोनं ॲसिडात उकळायला ठेवलं की जो तांबूस-पिवळा धूर भांड्यावर चढतो, त्याचं नाव होतं, ते मला नीट वाचता आलं नाही, पण रंग लिहिला होता आणि तो रंग माझ्याशिवाय कुणाला कळणार. लिहिलं होतं की हा धूर घेतल्यावर पुष्कळदा लगेच काही वाटत नाही. घसा जरा खवखवतो, मग माणसाला बरं वाटतं, तो जेवतो, झोपतो, आणि त्रास नंतर सुरू होतो. वर्षानुवर्षं घेत राहिलं तर छाती आतल्या आत निकामी होते. एवढंच वाचलं आणि मधेच केसांच्या तेलाची जाहिरात उभी राहिली. ती घालवायची फुली इतकी बारीक की तीन वेळा तेलाच्या दुकानात जाऊन आलो. परत आलो तर त्याच पानाच्या बुडाशी कुणीतरी लिहिलेलं, रोज गूळ खा, फुफ्फुसं साफ होतात. आणि त्याच्या पुढच्या पानावर, गुळानं फुफ्फुसं साफ होतात याला काही आधार नाही.

आप्पा, त्या क्षणी मोबाईल भिंतीवर आपटावासा वाटला. एकानं तरी सरळ सांगावं ना. आमच्याकडं अजून ॲसिडचं काम उरकलं की प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा येतो. ढेपा आपल्याच बाजूच्या, कराडकडच्या, मुद्दाम मागवलेल्या. मी पहिल्यांदा आलो तेव्हा शेठ म्हणाला होता, "खा, तुझ्या बापाच्या हातावर बी ह्योच ठिवायचो." मी तो प्रसादासारखा खाल्ला.

दुपारी खाली उतरलो. शेठ गल्ल्यावर पाय पसरून टीव्ही बघत होता. म्हटलं, "शेठ, मागच्या भितीला एक पंखा बसवू या. धूर भाईर वढणारा."

"पंखा?" त्यानं टीव्हीवरची नजर काढली नाही. "आन् सोन्याचा कण उडून शेजारच्या घरमालक अण्णाच्या स्वयपाकघरात गेला मंजी? त्यो भाड्यात वळता करून घील व्हय?"

तुम्हाला माहीत आहे आमचं. झाडूनं निघालेली माती पिंपात साठवायची, हात धुतलेलं पाणी टाकायचं नाही, गावाला निघालो तर डोकं सुद्धा आधी दुकानात झटकायचं. आणि खिडक्या बंद. वाऱ्यानं कण जायला नको. सोन्याला वारा लागू नये म्हणून माणसांना वारा नाही, ही आपल्या लोकांची अक्कल, आणि मी सुद्धा इतकी वर्षं तीच बरोबर धरून चाललो.

"ॲसिडच्या वाफंत सोनं नसतंय, शेठ. सोनं तर भांड्याच्या तळाला बसतंय, रोज बघतो की आपुन."

"आज लय शाना झालास. कुणी सांगितलं?"

"वाचलंय मोबाईलवर. त्या धुरानं छाती जाती."

"मोबाईलवर." आता मात्र तो वळला. "माझ्या पोरीनं मोबाईलवर वाचून काकडी तोंडाला फासली, चार दिस तोंड सुजलं हुतं. आरं, मी बी तुझ्या बापासंगं त्याच भट्टीवर हुतो. मी बसलोय का न्हाई तुझ्याम्होरं? तुझा बाप बिडीनं गेला. मिरजंच्या डाक्टरनं सांगितलंय, मी न्हाई."

मी परत जिना चढून माळ्यावर आलो. कारण डॉक्टरनं तसं सांगितलं होतं, आणि ते सांगताना मी तिथं होतो. तो दिवस मला नेहमी आत्ता घडतोय असा दिसतो. मिरजेच्या दवाखान्यात आपण बाकावर बसलोय. तुमच्या अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आहे, तुम्ही लग्नाला निघाल्यासारखे दिसताय. नंबर येतो. डॉक्टर तरुण आहे, चांगला बोलतो. छातीला नळी लावतो, बिडी ओढता का विचारतो, तुम्ही मान हलवता. मग विचारतो, "काय काम करता आपण?" आणि तुम्ही ताठ बसून म्हणता, "सोन्याचं दुकान हाय आमचं, तिकडं मद्रासकडं." डॉक्टर हसून म्हणतो, "वा, मग काय," आणि पुढचं बिडीवर बोलतो. बिडी बंद करा, बिडीनंच केलंय सगळं. मी तुमच्या शेजारी बसून फुगलोय. आपलं दुकान आहे. डॉक्टरला सांगितलं.

आपल्याकडं सगळेच असं सांगतात, ते मला इथं आल्यावर कळलं. गावात कुणाचाही माणूस बाहेर असला की त्याचं दुकानच असतं. सोयरिकीला दुकान, जत्रेत दुकान, एस्टीत शेजारी बसलेल्याला दुकान. त्यात वाईट काही नाही, सगळ्यांनाच ठाऊक असतं आत काय आहे. पण आप्पा, त्या डॉक्टरला ठाऊक नव्हतं. तो काही आपल्या गावचा नव्हता. त्याला एकदा, फक्त एकदा, तुम्ही म्हणायला पाहिजे होतं की मी बंद खोलीत ॲसिड उकळतो. तो तुमच्या पोरीला मागणी घालायला आला नव्हता. मला तुमचा इतका राग येतो ह्या एका वाक्याचा, की कधी कधी भट्टीपुढं बसून मी ते वाक्य बदलून मोठ्यानं म्हणतो, आणि शेजारचा कारागीर विचारतो, कुणाशी बोलतोस रे.

संध्याकाळी फोन केला. धाकट्यानं उचलला. त्याला सगळं सांगितलं, धूर, छाती, पंखा. तो नुसता हसतोय.

"दादा, तू लयच वाचाय लागलास की. मग तू कसा काय जिता हायस?"

"मला दम लागतोय."

"तुला बसून बसून पोट सुटलंय, दम लागतोय. आन् मला न्हाई यायचं तर काय करू? हितं शेळ्या राखू? तू तिकडं मज्जा करायची, मी आलो की तुला जड हुतंय."

मी शिवी दिली. त्यानंही दिली. मग आईनं त्याच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "काय चाललंय तुमचं? पोरगं हौसंनं निघालंय, त्याला कशाला भ्या घालतोस? तुझ्या आप्पांनी जलमभर केलं न्हवं हेच?"

तेव्हा मी तिला सांगितलं, आप्पा. तुम्ही कधी सांगितलं नव्हतं ते. तुम्ही कामगार होता हे तिला माहीत होतंच, पण काम म्हणजे काय हे तिनं कधी पाह्यलं नव्हतं. मी सांगितलं की खिडक्या बंद असतात. ॲसिड ओतलं की धूर छतापर्यंत चढून परत खाली येतो. तोंडाला ओलं फडकं बांधतो आणि फडकं दोन दिवसांत पिवळं होऊन फाटतं. एखादा थेंब उडाला की कापड जळतं, वास सुद्धा येत नाही, दुसऱ्या दिवशी भोक दिसतं. आई म्हणाली, "त्यांच्या शर्टांना भोकं असायची."

मी म्हटलं, "व्हय."

"बारकी बारकी. मी इचारलं तर म्हनले, खोलीत उंदीर लय हायती. मी रफू करून द्यायची. दरवर्षी." मग स्वतःशीच म्हणाली, "एवडी बारकी भोकं उंदीर पाडतोय व्हय? मला कसं कळलं न्हाई गं बाई."

मला माझा एक मार आठवला. तुम्ही सुट्टीला आलेले, तुमचा कामाचा शर्ट खुंटीवर, आणि मी तो अंगात घालून अंगणात शेठ शेठ खेळत होतो. तुम्ही आत आलात, एक दिली आणि शर्ट डोक्यातून ओढून काढलात. "ह्यो घालायचा न्हाई. कवाच घालायचा न्हाई." मला वाटलं, मी शर्ट मळवला. तुम्ही मला त्या दिवशी नको म्हणत होता, आणि नंतर घरात कुणी मिळवतं उरलं नाही म्हणून मी तोच घातला. तुमच्या त्या एका थोबाडीत जेवढं होतं तेवढं जर चार वाक्यांत सांगितलं असतंत तर.

आई मागं वळून धाकट्याला म्हणाली, "बॅग सोड." तो ओरडला, काहीतरी आपटलं. ती म्हणाली, "वरड किती वरडायचं ते. कोरेगावला मामाकडं जायाचं, गॅरेजात. आजच्या आज फोन करती त्याला." तो मला फोनवर म्हणाला, "दादा, तुझं तोंड बघनार न्हाई मी." म्हटलं, नको बघू. जिवंत राहून नको बघू.

शेठला सांगायचं अजून बाकी आहे. तो चिडेल, कदाचित मलाही घालवेल. त्याचं मला काही वाटत नाही. वाटतंय ते वेगळ्याच गोष्टीचं. फोन ठेवायच्या आधी आई म्हणाली, "आन् तू रं? तू कवा येतोस?" मी म्हटलं, बघतो, पंखा बसवून घेतो, नाहीच बसवला तर येतो. तिनं हं म्हटलं. तिला ते खरं वाटलं.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून इथंच सांगतो. धाकट्याला अडवायला मला दिवसभराचं वाचन पुरलं, स्वतःला अडवायला पुरत नाही. ॲसिड ओतून टाकलं, धुतलं, की तळाला सोनं उरतं ते तांबड्या मातीसारखं. कुणी दारात टाकलं तर बाई झाडून टाकेल असलं. मग ते मुशीत घालायचं, भट्टीत सोडायचं, आणि वाट बघायची. एका क्षणी ती माती हलते, गोळा होते आणि लखकन डोळा उघडते. तेवढा वेळ मी श्वास धरून बसतो. आईला वाटतंय मी पोटासाठी राहिलोय. मला ते बघायला आवडतं, आप्पा, आणि मला वाटतं तुम्हालाही आवडत असणार.