माजी सासूबाईंबरोबर डोनट

४ मार्च, शनिवार

लॅव्हेंडरचा डोनट पुन्हा घ्यायचा नाही. आईंनी एक घास घेतला, तो तसाच तोंडात धरून बसल्या, मग म्हणाल्या, कुणीतरी नुकतंच अंघोळ करून तोंडात येऊन बसलंय असं वाटतंय. मला ठसकाच लागला. शेजारच्या टेबलावरची बाई पाणी घेऊन आली.

आई म्हणजे माझी नव्हे — त्याची. घटस्फोटात सगळं वाटून झालं. फ्रिज त्याला, मिक्सर मला. त्याच्या आईला मी आता काय म्हणायचं, हे मात्र कुठल्याच कागदावर नाही. माजी सासूबाई म्हटलं की माजी मंत्री म्हटल्यासारखं वाटतं. म्हणून आईच.

थंडीत त्यांनीच फोन केला होता. भेटशील का? घरी नको, ओळखीच्या जागी नको, त्याला कळायला नको. या दुकानात त्यांच्या ओळखीचं कुणी फिरकण्याची शक्यताच नाही. एकेका डोनटखाली एवढा मजकूर लिहिलाय की त्यांना चष्मा पुसून घ्यावा लागतो. दर शनिवारी एक नवा, दोघींत अर्धा-अर्धा. साखर त्यांची नॉर्मल आहे. मुद्दाम तपासून रिपोर्ट मला दाखवला — जशी काही मी दारावर तपासणीला बसलेय!

आज त्यांना काहीतरी सांगायचं होतं. दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा कॉफी प्यायल्या. मी विचारलं नाही. आता घरभर फिरतेय. विचारायला हवं होतं.

६ मार्च

लॅबमध्ये दातांचा ढीग. आमच्याकडे डॉक्टर लोक साचे पाठवतात, आम्ही कॅप आणि कवळ्या करून देतो. आज दिवसभर पुढचे दात. भट्टीतून बाहेर काढले की चमक येते, तिला आम्हीही ग्लेझच म्हणतो. डोनटवरही ग्लेझच. म्हणजे आठवडाभर दात बनवायचे आणि शनिवारी दात किडवायचे. मालकांना हे सांगितलं तर म्हणाले, धंद्याला चांगलंच आहे.

११ मार्च, शनिवार

काळं चॉकलेट, वर जाड मीठ. हा चांगला होता. आधी कडू, मग गोड, मग एकदम मिठाचा खडा दाताखाली. आईंना वाटलं मीठ चुकून पडलंय. काउंटरवर सांगायला निघाल्या होत्या, मी हाताला धरून बसवलं.

मग म्हणाल्या — तो लग्न करतोय. मे महिन्यात. मुलगी पोहायला शिकवते.

मी म्हटलं, चांगलं झालं. खरंच म्हटलं. घरी येऊन तीन खण आवरले, पुन्हा विस्कटले. आत कुठे दुखतंय का म्हणून बोटाने दाबून पाहावं तसं पाहिलं. दुखत नाही. पण बसवतही नाही.

१३ मार्च

घासता घासता एक चांगली दाढ वाटाण्याएवढी करून ठेवली. मालकांनी ती नुसती दिव्याखाली धरली, मग माझ्याकडे पाहिलं.

१८ मार्च, शनिवार

लिंबाचा. आत पिवळंजर्द आंबट क्रीम भरलेलं, चावलं की मनगटापर्यंत ओघळतं. आई रुमालाने माझा हात पुसत होत्या आणि पुसता पुसता बोलायला लागल्या. माझ्याकडे न पाहता.

त्या मुलीला एकदा इथे घेऊन येऊ का, म्हणाल्या. तू तिला सांग. तो कसा आहे ते.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. म्हटलं, तुम्ही सांगा की. तुमचा मुलगा आहे.

तेव्हा त्यांनी रुमाल खाली ठेवला. "माझ्या लग्नात मला कुणी सांगितलं नाही, याचे वडील कसे आहेत ते. तुझ्या लग्नात मी तुला सांगितलं नाही. आता तिला तरी कुणीतरी सांगायला नको? माझ्या तोंडून निघत नाही गं. आई आहे मी त्याची."

मी उठले. माझा अर्धा तसाच टाकून आले. वाटेत डोक्यात एकच — म्हणजे हे सगळे शनिवार यासाठी होते? माझ्यासाठी नव्हतेच?

२० मार्च

लोकांना सांगायला माझ्याकडे काही नव्हतंच कधी. तो दारू पीत नाही. हात उचलत नाही. स्वतःचं ताट स्वतः धुतो. फक्त बोलायचं थांबतो. कशावरूनही. एकदा पडद्यांच्या रंगावरून सुरू झालं ते पडदे विटेपर्यंत चाललं. समोर बसून जेवायचा, माझ्या आरपार भिंतीकडे पाहायचा. मी माफी मागायची — कशाची, ते न कळता. मग एक दिवस मीठ दे म्हणायचा आणि सगळं ठीक. मी त्या 'मीठ दे'वर जीव टाकायचे.

घटस्फोटाच्या वेळी माझी मोठी बहीण म्हणाली, नवरा बोलत नाही? अगं, नशीब काढलंस. माझा गप्प बसेल तर मी पेढे वाटीन. सगळे हसले. मीही हसले होते.

आईंना मात्र तेव्हाही माहीत होतं. त्या त्याच घरात होत्या. जेवायला बसलं की माझ्याशी जास्तच बोलायच्या. भाजीबद्दल, हवेबद्दल, काहीही. मला तेव्हा वाटायचं, किती बडबडतात या.

२३ मार्च

आईंचा फोन. उचलला नाही. चपला घालून खाली गेले, कोपऱ्यापर्यंत चालले, परत आले. पुन्हा खाली गेले. वॉचमन म्हणाला, काही हरवलंय का?

२५ मार्च, शनिवार

जायचं नाही असं ठरवलं होतं. गेले. आत नाही — समोरच्या फुटपाथवर, औषधांच्या दुकानाशी.

आई आमच्याच टेबलावर होत्या. त्यांनी डोनटचे सुरीने दोन भाग केले, अगदी मापून. आपला अर्धा खाल्ला. सावकाश. दाराकडे बघत. मग दुसरा अर्धा कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला आणि पिशवीची चेन लावली.

मी आत गेले नाही. का नाही गेले?

२६ मार्च

मेसेज केला. आणा तिला. पण तुम्हीही बसायचं. मधेच उठून जायचं नाही.

लगेच उत्तर — बरं. मग पुन्हा — काल भाजलेल्या लोण्याचा होता. तुझा अर्धा फ्रिजमध्ये आहे.

१ एप्रिल, शनिवार

नवी माझ्याहून उंच. रुंद खांदे, केस अजून ओले, पाण्यातल्या औषधाचा वास. आईंनी ओळख करून दिली तेव्हा अडखळल्या — ही माझी… आणि पुढे शब्दच सापडेना. नवीच म्हणाली, माहीत आहे. फोटो पाहिलाय.

तिने अर्धा-बिर्धा केला नाही. स्वतःसाठी कॉफीचा अख्खा घेतला, मोठ्या मोठ्या घासांनी संपवला. दिवसभर पाण्यात असले की भूक लागते म्हणाली. मला ती आवडली. वैतागच आला, आवडली म्हणून.

मी रात्रंदिवस वाक्यं जुळवली होती. सगळी गेली. हवेवर बोललो. पोहायला घाबरणाऱ्या मोठ्या माणसांवर बोललो — ती म्हणाली, मुलं एका दिवसात काठ सोडतात, मोठी माणसं सोडतच नाहीत. आई बशीतले चुरे बोटाने गोळा करत होत्या.

शेवटी मी विचारलं, "तो बोलतोय ना सध्या?"

ती थांबली. आईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तुम्हाला कसं कळलं, म्हणाली. तिने गाडी त्याच्या जागेवर लावली होती, तेव्हापासून बोलणं बंद. मेसेज पाहतो, उत्तर नाही. आईंच्या समोर ठीक असतो. एकदा त्याच्या ऑफिसखाली जाऊन उभी राहिली, तर शेजारून निघून गेला. "मला वाटतंय, माझंच काहीतरी चुकलं असेल."

ते वाक्य. तोच सूर, तीच मान खाली. माझंच कुणीतरी रेकॉर्ड करून ठेवलं होतं की काय!

मी म्हटलं, "माझ्या वेळी पडद्यावरून होतं."

तिला हसू आलं. मलाही. मग तिचे डोळे भरले आणि हसणं तिथेच थांबलं. मी म्हटलं, "तुझं काही चुकलेलं नाही. मला हे कुणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून सांगतेय. लग्न कर, नको करू, ते तुझं तू बघ. पण चूक शोधत बसू नकोस. मी खूप वर्षं शोधली. सापडली नाही."

आई उठल्या नाहीत. ठरलं होतं तसं बसून राहिल्या. फक्त एकदा, मान वर न करता, म्हणाल्या, "ती म्हणतेय ते खरं आहे."

बाहेर पडताना नवीने माझा हात धरला, घट्ट. मग तिच्या गाडीकडे गेली. आई आणि मी उरलो. मी विचारून टाकलं — मला यासाठीच बोलावत होतात का?

आईंना राग आला. पहिल्यांदाच पाहिला त्यांचा राग. थंडीत फोन केला तेव्हा ही मुलगी होती तरी कुठे, म्हणाल्या. घरात बोलायला कुणी नव्हतं, म्हणून फोन केला तुला.

३ एप्रिल

हातून काम होत नाही. फोन टेबलावर, फोन खिशात, पुन्हा टेबलावर. मी कुणाचं तरी घर मोडलं का? की वाचवलं? मालकांनी मला आज फक्त साचे धुवायला बसवलं.

७ एप्रिल

आईंचा फोन. नवीने लग्न मोडलं. त्याला तोंडावर सांगून आली. माझं नाव घेतलं नाही, आईंचंही नाही. पण आईंनी स्वतःच सांगून टाकलं — मीच तिला घेऊन गेले होते.

मग काय म्हणाला तो, मी विचारलं.

"काही नाही," आई म्हणाल्या.

तो काय म्हणाला ते दोघींनाही नीट ऐकू आलं.

८ एप्रिल, शनिवार

आई आल्या नाहीत. फोन बंद. पिस्त्याचा घेतला, अख्खा, एकटीने. कशाची चव लागली नाही.

१२ एप्रिल, बुधवार

सकाळी बेल. दारात आई. हातात बॅग, केस नीट विंचरलेले.

पाच दिवस तो समोर बसून जेवला म्हणाल्या, भिंतीकडे बघत. मी बॅग घेतली. म्हटलं, त्याला सांगून आलात ना?

"नाही," म्हणाल्या. "न बोलता आले."

आणि हसू दाबत आत आल्या. किती दिवसांसाठी, ते मी विचारलं नाही.