आईच्या ताटातली मूठ

शनिवार, संध्याकाळ. पुंडलिकनगर.

आज मी वाईट वागले. उद्या चर्चमध्ये द्यायच्या पिशवीत डब्याच्या तळची किडकी ज्वारी भरली आणि चांगली घरात ठेवली. सुनेनं, रूथनं पाहिलं. तेच टोचतंय.

गंगापूरला आई पहाटे जात्यावर बसली की सुपातली पहिली मूठ देवाच्या, म्हणजे चर्चला द्यायच्या मडक्यात टाकायची. मडक्यात दाणे पडल्याच्या त्या आवाजानं मला जाग यायची. किती वर्षांत ऐकला नाही तो आवाज!

पाऊस न पडलेल्या साली मी चिडले होते. "आई, आता तरी ऱ्हाऊ दे की."

"प्रभूनं आपल्यासाठी जीव दिला. त्यो काय उरलासुरला व्हता व्हय?" आई म्हणाली आणि मूठ टाकलीच.

त्या साली सगळ्यांना वाढून झालं की ती चुलीपाशी बसून अर्धीच भाकर खायची. भूक नाय म्हणायची. मला खरंच वाटायचं. ती मूठ घरातली नव्हती, तिच्या ताटातली होती. हे कळायला मला म्हातारपण यावं लागलं?

उठले. किडकी ज्वारी काढली, चांगली भरली. पहिली मूठ मुद्दाम उंचावरून सोडली, पण कापडी पिशवीत कसला आवाज येतोय!

जेवताना अर्धी भाकर परत टोपल्यात ठेवली. रूथ म्हणाली, "मम्मी, बरं नाय का?"

म्हटलं, "भूक नाय गं."