निळ्या झाकणाचा डबा

१२ मे, मंगळवार. धरमपेठ

…फार वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवला. दूध उतू जाईल म्हणून मी गॅसपाशी उभी होते आणि हे दारातूनच म्हणाले, "फ्रीजर रिकामा कर वं, विद्यापीठात विभागातली लाइन गेली." हातात निळ्या झाकणाचा डबा. त्यात लाखोळीच्या डाळीतून काढलेल्या प्रथिनांच्या नळ्या. मी चिडूनच मटार बाहेर काढले. पुढे दर उन्हाळ्यात तेच. यांनी उभी नोकरी त्या प्रथिनांवर काढली. निवृत्तीनंतर डबा घरीच राहिला. हे गेले, तरी मी तो हलवला नाही.

आज वंदना आली होती, यांची जुनी विद्यार्थिनी. आता तीच यांच्या विभागात शिकवते.

"काकू, तो डबा मले द्या. सरांचं अर्धं राहिलेलं काम पुढे न्यायचं आहे."

"नळ्या चांगल्या असतील का गं?"

"खराबही झाल्या असतील. उघडल्यावरच समजन."

यांची पुस्तकं एकटीनं वाचत गेले, म्हणून एवढं कळतं की एकदा वितळवल्या की पुन्हा तशाच ठेवता येत नाहीत. आणि खराब निघाल्या तर? निळं झाकण बंद आहे तोवर यांचं काम शाबूत आहे, असं मीच धरून बसले. पण यांनी त्या जपल्या कशासाठी? तपासायलाच ना.

बुधवार. सकाळी डबा बर्फात घालून मी स्वतः वंदनाकडे नेला. तिनं नळ्या उघडेपर्यंत तिथंच स्टुलावर बसून राहिले.