अर्ध्या गाईची वारस

मी, जोएल हायट, वय वर्षे चोवीस, राहणार चौथे गाव, क्विंटे उपसागर, प्रांत क्युबेक, पूर्वी राजाच्या पलटणीतला शिपाई आणि आता नावापुरता शेतकरी, हे माझे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. पोट नाही, पण ते यंदा गावात कोणाचेच नाही. यापुढे "कोणाच्याही दडपणाखाली न येता" असे घालायचे असते, असे साक्षीला बसलेले सार्जंट मॅक्फी सांगतात. ते मी घालत नाही, कारण खोटे होईल. शेजारी योस्ट आल्टमान सकाळपासून आमच्या दारात बसला आहे आणि त्याच्या मांडीवर कुऱ्हाड आहे.

कुऱ्हाड माझ्यासाठी नाही. गाईसाठी आहे.

जो कोणी हे पुढे वाचेल त्याच्यासाठी गाईचे आधी सांगतो. अमेरिकेतल्या लढाईत आम्ही इंग्लंडच्या राजाची बाजू घेतली म्हणून बंडवाल्यांनी आम्हाला घरांतून काढले, आणि राजाने आम्हाला इथे जंगल दिले. जंगल ज्याचे त्याला, बाकी सगळे वाटून. दोन घरांत एक गाय, चार घरांत एक मोठी करवत, पाच घरांत एक होडी. गाईपुरती माझी जोडी योस्टशी लागली. ती एक आठवडा त्याच्या गोठ्यात असते, एक आठवडा आमच्या. तो तिला लीझल म्हणतो, माझी बहीण डॉर्कसताई तिला डचेस म्हणते, आणि ती दोघांच्याही हाकेला येत नाही. मात्र सरकारी नियम असा की, दोन्ही मालकांचे एकमत असल्याशिवाय तिला ना विकता येते, ना कापता येते. मी मेलो आणि माझा अर्धा कोणाचा हे लिहिलेले नसले, तर योस्टला विचारायला कोणी उरत नाही. म्हणून हा कागद.

सार्जंट म्हणतात जमिनीपासून सुरू कर. मी लहान वस्तूंपासून करतो. बोटे गारठली आहेत, ती जरा चालती होऊ देत.

एक. मोठ्या करवतीतला माझा चौथा हिस्सा ताईला. होडीतला पाचवा हिस्साही तिलाच. ज्या पाचव्या हिश्श्याला भोक आहे तो माझा, असे बाकीचे चौघे म्हणतात, तेव्हा ताईने तो आधी बुजवून घ्यावा. सरकारने दिलेली माझी कुऱ्हाड जहाजावरची, आखूड दांड्याची. ती लंडनच्या ज्या साहेबाने आमच्यासाठी पसंत केली त्याला परत पाठवावी, आणि सोबत एक ओकचे झाड पाठवावे.

"झाड कसं पाठवणार?" सार्जंटांनी विचारले.

"तेच तर म्हणतोय. त्या कुऱ्हाडीनं ते पडतच नाही."

"मुद्द्यावर ये," दारातून योस्ट म्हणाला. "तू लिहीपर्यंत तिची हाडं उरतील."

दोन. आमचे मोहॉक खोऱ्यातले घर, बाबांनी कलमे केलेल्या सफरचंदांच्या झाडांसकट. ते माझ्या ताब्यात नाही. तिथे आईचा सख्खा भाऊ, एझ्रा मामा, राहतो. बंडवाल्यांच्या समितीत तो होता, आणि आम्हाला बाहेर काढायच्या हुकमावर त्याची सही होती. बाबा त्यांच्या तुरुंगातच वारले. ताईने त्या दिवसापासून मामाचे नाव तोंडात घेतलेले नाही, आणि आता मी त्याच्याच दारात जाणार आहे, कारण गेल्या वर्षी आमच्याकडे पीक बुडाले आणि त्याच्या कोठारात मका आहे. बर्फावरून नदी ओलांडायची, मग जंगलातून दक्षिणेला, मागे हाताने ओढायची घसरगाडी. त्या बाजूला आमच्यातला कोणी परत दिसला तर त्याला फटके बसतात, आणि गाव तापलेले असेल तर फास. मामाने मला मका देऊन परत पाठवले, तर त्या घरावरचा माझा राग मी सोडून दिला, असे समजावे. त्याने मला धरून दिले, तर तो राग पूर्णपणे ताईच्या मालकीचा.

तीन. गाय. इथे मला थांबून लिहावे लागते, कारण जे चालले आहे ते इथेच चालले आहे.

ताईचा नवरा शरद ऋतूत झाड अंगावर पडून गेला. तिची मुलगी फीबी सात महिन्यांची आहे. उपाशीपोटी ताईचे दूध आटले. आता फीबी जगते आहे ती त्या गाईच्या वाटीभर दुधावर, आणि गाय जगते आहे ती तोडलेल्या झाडांच्या कोवळ्या शेंड्यांवर, कारण चारा संपून महिना झाला. योस्टचा आठवडा उद्या सुरू होतो. उद्या तो तिला आपल्या गोठ्यात नेणार आणि कापणार. तसे त्याने लपवले नाही. सकाळी आल्या आल्या सांगितले.

"योस्टभाऊ, बाळ दुधावर आहे," मी म्हणालो.

"माझी चार पोरं सालीवर आहेत. झाडाची साल, उकडून. त्यांचं काय लिहितोस?"

त्याचा धाकटा काल आमच्याकडे आला होता. त्याचे पोट फुगलेले आणि हात काटक्यांसारखे झाले आहेत. योस्ट वाईट माणूस नाही. वाईट असता तर विचारले नसते.

"आज तिच्या अंगावर मांस आहे," तो म्हणाला. "बर्फ फुटेस्तोवर नुसतं कातडं राहील. मग तुझ्या बाळालाही काही नाही आणि माझ्या पोरांनाही काही नाही."

"ती गाभण आहे. वसंतात वासरू होईल, दूध वाढेल."

"वसंत कोणी बघितलाय?"

"मी मका आणतो. घसरगाडीभर. अर्धा तुला."

तेव्हा तो हसला. या हिवाळ्यात त्याला हसताना मी पहिल्यांदा पाहिले आणि मला ते आवडले नाही. "तू? मागच्या वर्षी मीठ आणायला गेलास, तो नायगाराचा धबधबा बघून आलास. अडीच महिन्यांनी!"

"मीठ आणलं होतं हो त्यानं," सार्जंटांच्या पत्नी, एल्सपेथकाकू, म्हणाल्या. "पावसात विरघळलं."

धबधबा मात्र खरोखर बघण्यासारखा आहे. पाणी खाली पडते आणि त्याचा धूर वर जातो, आणि उन्हात त्या धुरात रंग दिसतात, आणि उभ्या माणसाच्या दाढीतून पाणी गळायला लागते. मी तिथे चार दिवस बसलो होतो. पण हे मृत्युपत्रात नको, असे सार्जंट म्हणतात.

तर असे आहे. माझ्या शब्दावर योस्टने गाय का सोडावी? मीसुद्धा सोडली नसती. म्हणून लिहितो: गाईतला माझा अर्धा हिस्सा मी फीबीला देतो. ती सज्ञान होईपर्यंत तिच्या वतीने ताईने हो किंवा नाही म्हणावे.

"ही तर मला बांधून ठेवायची युक्ती झाली," योस्ट म्हणाला आणि उभा राहिला. कुऱ्हाड हातात आली. "तुझी बहीण मरेपर्यंत नाही म्हणेल. आणि मी उद्या ऐकलं नाही, तर कोण येणार आहे? माझ्या दारात न्यायाधीश?"

ताईने बाळाला छातीशी घट्ट धरले आणि ती गोठ्याकडच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. तिच्या अंगात एका माणसाला अडवण्याइतकी ताकद नाही, हे तिलाही माहीत होते.

म्हणून पुढचे कलम. ते लिहायचे माझ्या मनात नव्हते.

चार. माझी जमीन, शंभर एकर. पैकी झाडे तोडलेली दोन एकर, आणि त्यातही खुंट तसेच. ती मी पूर्णपणे फीबीसाठी ठेवली होती. योस्टची जमीन दलदलीची आहे. माझ्या जमिनीचा पाण्याकडचा भाग आणि तिथला झरा तो पहिल्या दिवसापासून बघतो आहे, आणि त्याने कधी मागितला नाही.

"पाण्याकडची अर्धी," मी म्हणालो. "मी परत आलो नाही तर तुझी. पण बर्फ फुटेल त्या दिवशी गाय जिवंत हवी, आणि रोजचं पहिलं दूध बाळाचं."

"अर्धी म्हणजे झरा धरून?"

"झरा धरून."

ताई म्हणाली, "जोएल, ती फीबीची म्हणाला होतास." मग बाळाकडे बघत राहिली, आणि दाराला लावलेली पाठ न काढता म्हणाली, "दे त्याला. आधी तिला जगू दे, मग जमीनदारीण कर."

"आणि गाय आपणहून मेली तर?" योस्टने विचारले. तो पुन्हा बसला होता.

ते सार्जंटांनी ठरवले: गाय मेली तर त्यांना बोलवायचे. सुरी लागायच्या आधी मेली असेल तर योस्टचा दोष नाही, जमीन त्याची आणि मांस दोन्ही घरांचे. त्यांनी तीस वर्षे पलटणीत मेलेली जनावरे बघितली आहेत. त्यांना फसवता येणार नाही. गाईला शेंडे मिळावेत म्हणून माझ्या जमिनीवरची मऊ लाकडाची झाडे योस्टने हवी तेवढी पाडावीत, आजपासून.

पाच. योस्टने कुऱ्हाड दाराबाहेर ठेवली, पण उठला नाही.

"एक राहिलं. तू मेलास हे आम्हाला कोण सांगणार? तिकडे जंगलात पडलास तर कोल्ह्यांना कळेल. आणि मेला नाहीस तर? मामाच्या शेकोटीजवळ बसलास, पाय गरम झाले, कोणी म्हणालं पुढच्या खोऱ्यात काम आहे, की तू निघालास. तुला मी ओळखतो, पोरा. तू दुष्ट नाहीस. तू फक्त पोचत नाहीस."

मी ताईकडे पाहिले. तिने नजर खाली घातली. म्हणजे तिलाही तसेच वाटते.

म्हणून हे शेवटचे कलम मी स्वतःच्या मनाने लिहितो, सार्जंटांच्या सांगण्याने नाही. उपसागराचा बर्फ फुटेपर्यंत मी परत आलो नाही, तर मला मेलेला धरावे. मी कुठे जिवंत आहे असे कोणी येऊन सांगितले, मला कोणी पाहिले, माझी चिठ्ठी आली, तरीही मेलेला धरावे, आणि वरची सगळी कलमे लागू करावीत. त्यानंतर जो कोणी जोएल हायट म्हणून या दारात येईल, त्याचा या जमिनीवर, या गाईवर आणि या घरातल्या जेवणावर काहीही हक्क नाही.

ताई म्हणते, "हे खोड. जिवंत माणसाला मेलेला कसं म्हणू मी?"

खोडत नाही.

हे सर्व मी वाचून दाखवले, सर्वांनी ऐकले, आणि मी सही केली.

जोएल हायट
चौथे गाव, क्विंटे उपसागर, १९ फेब्रुवारी १७८९

वरील अटी मान्य. योस्ट आल्टमान, याची खूण: ✕

साक्षीदार: एल्सपेथ मॅक्फी, हिची खूण: ✕

साक्षीदार: हेक्टर मॅक्फी, निवृत्त सार्जंट. मी माझ्या हाताने लिहितो की, मृत्युपत्र करणाऱ्याने आमच्या दोघांच्या समोर सही केली आणि तो शुद्धीवर होता. योस्ट आल्टमान याला या कागदाने फायदा होतो, म्हणून त्याची साक्ष धरलेली नाही. परंतु माझ्या डोळ्यांसमोर जे घडले ते नोंदवणे माझे काम आहे. खूण केल्यावर योस्ट घरी जाऊन आला आणि बर्फावर चालायचे आपले जाळीचे जोडे घेऊन आला. गावात तसा चांगला जोड दुसरा नाही. खाली बसून त्याने ते स्वतः जोएलच्या पायांत बांधले, गाठी दोनदा तपासल्या, आणि म्हणाला, "चल, आता ऊठ. थांबू नकोस."