राखेतली चावी

माजलगाव, १० सप्टेंबर २०२५

ती. विमल आत्यास,
अभिमन्यूचा सा. न. वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत एका तरी अनोळखी वाचकानं 'मागे राहिलेली' वाचल्याचं कळवलं नाही, तर दुसऱ्या कादंबरीच्या वह्या फडक्यात बांधून माळ्यावर टाकणार म्हणतेस. वाचून असा राग आला की दुकानात गिऱ्हाइकाला चार्जरऐवजी हेडफोन बांधून दिला. तीस वर्षं शाळेत पोरं शिकवलीस, ऊसतोडीला गेलेल्या आईबापामागं घर राखणाऱ्या पोरीवर कादंबरी लिहिलीस, आन् वाचली कुणी, तर पाहुण्यारावळ्यांनी.

मी इन्स्टाग्रामवर तुझं पान काढलंय. कव्हरचा फोटो, खाली रोज चार ओळी, त्याखाली हॅशटॅग. हजारावर लोकांनी बघितलं. तू बिनघोर लिही.

कॉलेजचं विचारू नको. वैष्णवीचं तर नकोच. ती आता इथल्या वाचनालयात कामाला लागलीय, रोज साडेदहाला सायकलवरून दुकानापुढून जाते. मी बघत नाही.

लोभ आहे तो पाडव्यानंतरही राहू दे.
तुझा अभिमन्यू


लिंबागणेश, १९ सप्टेंबर

चि. अभिमन्यूस,
अ. उ. आ.

फोनवर तू भांडतोस म्हणून पत्रच लिहिते. कागद पोचेस्तोवर तुझा राग उतरलेला असतो.

शेजारच्या सत्यमच्या मोबाइलवर तुझं पान पाहिलं. कव्हर झाक दिसतंय. पण खालच्या ओळी माझ्या कादंबरीतल्या नव्हेत. 'तू सायकलवरून गेलीस अन् माझी सकाळ घेऊन गेलीस.' बाबा, माझी नायिका अकरा वर्षांची आहे, तिच्या घरी सायकल नाही. हॅशटॅग काय, तर विरह, धोका, बेवफा. त्यामुळं येणारेही तसलेच. बत्तीस पोरांनी 'भावा, अजून दर्दभरे स्टेटस टाक' असं लिहिलंय. पुस्तक कुठं मिळतं, हे एकानंही विचारलं नाही. तुझं दुखणं माझ्या पोरीच्या गळ्यात कशाला बांधलंस?

सरांनी वर्गात तुझी कविता मोठ्यानं वाचली, वैष्णवी हसली, म्हणून बाक आपटून बी.एस्सी. अर्धी सोडलीस. ती का हसली हे आजवर विचारलं नाहीस. वाचकाचंही तेच केलंस. मी शाळेची पुस्तकपेटी सांभाळायचे, तेव्हा एकही पोरगं पुस्तकाचं नाव सांगून मागत नसे. 'बाई, ते बकरी हरवल्यालं द्या' म्हणायची पोरं. ज्याला नावच माहीत नाही, तो त्या मोबाइलात काय टाकून शोधणार? वाचनालयात जा आणि लोक कसं मागतात ते विचार. तिथं कोण बसतं हे मी सांगायला नको.

वेळेवर जेवत जा. माया आहे म्हणून टोचते.
तुझी आत्या


माजलगाव, १ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

गेलतो. तीन दिवस दारातूनच परतलो. चौथ्या दिवशी वैष्णवीनंच विचारलं, खातं उघडायचंय का भांडायचंय. आत्याचं काम आहे म्हटल्यावर तिनं मागणीवही पुढं सरकवली. लोक जसं मागतात तसंच ती त्यात लिहून ठेवते. 'सासू चांगली असते ती कादंबरी.' 'आई कारखान्यावर आन् पोरगी एकटी घरी, असं काही हाय का.' हे शेवटचं तिघांनी वेगवेगळ्या दिवशी मागितलंय, आत्या. पुस्तक होतं, मागणारे होते, मधे मी बेवफा घेऊन उभा.

मग दोघांनी बसून पान धुऊन काढलं. माझ्या ओळी गेल्या. तुझ्या नावाशेजारी 'मराठी कादंबरी, ऊसतोड, बीड' असं घातलं. प्रत्येक फोटोखाली पहिलीच ओळ मागणीवहीतली, आणि तीच परत इंग्रजी अक्षरांत, कारण निम्मे लोक मराठी तसंच टाइप करतात. रीलमध्ये वैष्णवीनं पहिलं पान वाचलं. नुसता आवाज. मी तो किती वेळा ऐकला ते विचारू नको.

हसण्याचंही विचारलं. कवितेत मी तिच्या डोळ्यांना कपाशीची फुटलेली बोंडं म्हटलं होतं. ती म्हणाली, "पांढरीफेक बोंडं? आंधळी हाय का मी?"

पाडव्याला तीन आठवडे आहेत. फडकं काढू नको.
तुझा अभिमन्यू


माजलगाव, १५ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पानावर आलेला निरोप जसाच्या तसा उतरवतो.

'बाई, मी दिपाली, वडवणीकडची, आता नर्सिंगला आहे. आईबाप ऊसतोडीला, मुलगी घरी, असं टाकून शोधलं, कारण मी तशीच राहिलेली. पुस्तक मागवलं, दोन दिवसांत वाचलं, लई रडले. पण एक चूक आहे. तुमची पोरगी घराची चावी गळ्यात घालून फिरते. आमच्यातली कुणीच तसं करत नव्हती. गळ्यात चावी दिसली की घरात मोठं माणूस न्हाई हे गावाला कळतं. आम्ही ती अंगणातल्या चुलीच्या राखेत पुरायचो.'

मी चिडून चार शब्द सुनावणार होतो, वैष्णवीनं हातातून मोबाइल काढून घेतला. मग चुकीबद्दलचा भाग गाळून तुला पाठवणार होतो, तेही तिनं करू दिलं नाही.

रागावू नको. वाचक मिळाला एवढंच धर.
तुझा अभिमन्यू


लिंबागणेश, २२ ऑक्टोबर, पाडवा

चि. अभिमन्यूस,
अ. उ. आ.

निम्मा निरोप वाचेपर्यंत वाटलं, हे तूच रचलंस. चावीपाशी आले आणि थांबले. हे तुला सुचणार नाही. मलाही सुचलं नव्हतं. त्या पोरी तीस वर्षं माझ्यासमोर बसल्या, त्यांचे गळे मोकळे होते, आणि मी पाहिलं नाही. ती ओळ गाळली असतीस, तर तुझ्यावर विश्वास ठेवला नसता आणि आज वह्या माळ्यावर असत्या.

दिपालीचा पत्ता विचारून कळव. तिला पत्र लिहायचंय, चूक कबूल करायचीय, आणि पुढची कादंबरी छापण्याआधी तिलाच वाचायला द्यायचीय.

वैष्णवीला माझा आशीर्वाद सांग. मागणीवहीत स्वतःला काय हवं, तीही एक ओळ लिहायला सांग. तू मागायला जाशील तेव्हा बोंडं नकोत. तिला कळेल असं माग. आणि जूनमध्ये कॉलेजचा फॉर्म भर.

फडक्यानं टेबल पुसलं. सकाळी नवीन पान सुरू केलं: 'तिनं राखेत हात घातला. चावी अजून कोमट होती.'

असाच जीव लावत राहा.
तुझी आत्या