दुकानाची वेबसाइट आणि अप्पांचा फळा

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात खुर्चीवरूनच). इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, आणि हे वाक्य नुसते लिहायची पद्धत म्हणून लिहिलेले नाही, ते पुढे कळेल. तुझा गुडघा कसा आहे? तेल लाव म्हटले होते, लावत नसशीलच. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. फोन सोडून हा पत्र काय लिहीत बसलाय, असे तुला वाटेल. अगं, फोन मोकळा असेल तर ना! सकाळपासून वाजतोय. माझा कान तापलाय, घसा बसलाय, आणि हे सगळे त्या वेबसाइटमुळे झाले आहे.

मागच्या खेपेला आलीस तेव्हा दुकानाच्या पायरीवर बसून तू विचारले होतेस, आपल्यासारख्या छोट्या कुलूप-किल्लीच्या दुकानाला स्वतःची वेबसाइट हवी की नको. (विचारले कसले, हवीच असे फर्मावलेस आणि चहा पिऊन निघून गेलीस.) तर ताई, हवी! हवी म्हणजे हवीच! एवढी माणसे आपल्या दुकानात अप्पांच्या काळातही एकदम आली नव्हती. यातले थोडे श्रेय तुझेही आहे, आणि सगळे वाचून झाल्यावरही ते तू नाकारणार नाहीस अशी आशा आहे.

तुझ्या भावजयीचे मत पहिल्यापासून उलटे. गल्लीतल्या लोकांना दुकान डोळ्यांनी दिसते, आणि गल्लीबाहेरचा माणूस काय दार उपटून काखेत घालून आणणार आहे का, असा तिचा सवाल. पण समोर तो मशीनवाला आला आहे ना, त्याची वेबसाइट होती. त्यावर हाताची घडी घालून हसतानाचा त्याचा फोटो. किल्ली मशीनमध्ये घातली की घर्रर्र करून दुसरी तयार, आणि मी इकडे कानस घासत बसलेला. आपली जुनी गिऱ्हाइके माझ्याकडे बघून न बघितल्यासारखे करून रस्ता ओलांडायची. ताई, तुला म्हणून सांगतो, अप्पांचे दुकान माझ्या हातून बंद पडणार या विचाराने माझे जेवण कमी झाले होते. (तुझी भावजय म्हणते कमी वगैरे काही झाले नव्हते. तिने मोजलेले नाही.)

तेव्हा आमच्या वरच्या मजल्यावर एक वेबसाइट करणाऱ्या बाई राहतात, त्यांना गाठले. त्यांनी फार मार्मिक प्रश्न विचारला. म्हणाल्या, दुसऱ्या कुणाकडे नाही असे तुमच्या दुकानात काय आहे? मी वळलो आणि अप्पांच्या फळ्याकडे बोट दाखवले.

फळा तुला माहीत आहे, तरी वेबसाइटवर जसे छापले तसे पुन्हा सांगतो, कारण मजकूर मी स्वतः लिहिला आहे आणि तो चांगला उतरला आहे. आपल्याकडून कुलूप बसवून घेणारा प्रत्येक जण एक जादा किल्ली आपल्या फळ्यावर ठेवून जातो. किल्ली हरवली, आत राहिली, की धावत यायचे आणि खिळ्यावरची न्यायची. प्रत्येक किल्लीला पुठ्ठ्याची चिठ्ठी. अप्पा त्यावर फक्त आडनाव लिहायचे. मी त्यात सुधारणा केली. दार उघडायला जाणाऱ्याची गैरसोय होऊ नये म्हणून मी घर कुठले, दार कुठले आणि इतर उपयोगी माहितीही लिहू लागलो. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘मागचे दार, दुपारी घरी कोणी नसते’. बेकरीवाल्याच्या चिठ्ठीवर ‘कुत्रा नुसता भुंकतो’. गाण्याच्या बाईंच्या चिठ्ठीवर ‘ही हरवल्यास दुसरी कुंडीखाली’.

बाई मोबाइलवर फोटो काढणार होत्या. मी म्हटले, छे! मोठ्या कॅमेऱ्याचा फोटोग्राफर बोलावला. आदल्या दिवशी एकेक किल्ली तेलाने पुसली, सगळ्यांचे दाते एका बाजूला वळवून उजेडाकडे केले, चिठ्ठ्या सरळ केल्या. फोटो असा आला म्हणून सांगू! मोठा करून बघितला तर दात्यावरची माझी कानस फिरल्याची रेघसुद्धा दिसत होती. बाई जरा घुटमळल्या, म्हणाल्या, हे सगळे लोकांना दिसले तर चालेल ना? मी म्हटले, दिसावे म्हणूनच तर लावतोय!

लावला. आणि फोन सुरू झाले! फोटो सुंदर, फळा सुंदर, काय ती जुनी परंपरा. एक गृहस्थ तर इतके जाणकार निघाले की मला भरून आले. वरच्या ओळीतल्या पहिल्या किल्लीचा तिसरा दाता किती खोल आहे, हे फोटोत सावलीमुळे नीट कळत नाही म्हणाले. अशी नजर असलेला माणूस आजकाल भेटतो कुठे? मी फळ्यावरून किल्ली काढली, मोजली आणि फोनवर माप सांगितले. वर तुम्हीही याच व्यवसायातले का, म्हणून कौतुकाने विचारले. हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुकानावर गेलो तर शटर वर, दिवा चालू, आणि माझ्या स्टुलावर समोरचा मशीनवाला बसलेला. हातात एक कोरी करकरीत किल्ली. वरच्या ओळीतली पहिली किल्ली आपल्या दुकानाचीच आहे, हे तुझ्या लक्षात आलेच असेल. माझ्या तेव्हा आले.

‘‘पहिल्याच फटक्यात लागली,’’ तो म्हणाला. ‘‘फोटो फारच छान आहे हो तुमचा. पण मी म्हणून नुसता येऊन बसलो. दुसरा कुणी बसला असता का?’’

ताई, मी जमिनीवर बसलो. कंबर धरली ती तेव्हाच. त्याने माझ्यासाठी पाणी आणले, वरच्या बाईंना हाका मारून फोटो काढायला लावला, स्वतःचे दुकान बंद केले आणि हत्यारांची पिशवी खांद्याला लावून म्हणाला, चला, कुठल्या दारापासून सुरुवात करायची? हा माणूस मी इतके दिवस वैरी समजत होतो. (तुझी भावजयही पेचकस घेऊन निघाली. वाटभर माझ्यापुढे दहा पावले चालत राहिली. तो प्रवास मी विसरणार नाही.)

मग आम्ही दारोदार कुलपे बदलत फिरलो. चोरी कुणाकडेच झाली नव्हती, पण ओरडा सगळीकडे खाल्ला, आणि गंमत बघ, किल्लीपेक्षा चिठ्ठीसाठी जास्त खाल्ला. बेकरीवाला म्हणाला, किल्लीचे एक वेळ राहू द्या, पण माझा कुत्रा नुसता भुंकतो हे जगाला सांगायचे काय कारण होते? कुत्राही तिथेच बसला होता. भुंकला नाही, नुसते बघत राहिला. डॉक्टरीणबाईंनी आधी मला आत बसवून माझे ब्लडप्रेशर बघितले आणि ते उतरल्यावर बोलायला सुरुवात केली. गाण्याच्या बाई दारातल्या सगळ्या कुंड्या उचलून बघत होत्या, कारण कुठल्या कुंडीखाली ते त्यांनाच आठवत नव्हते.

संध्याकाळपर्यंत जो तो आपली जुनी किल्ली घेऊन गेला. फळ्यावर नुसते खिळे उरले. अप्पा आजारपणातही येऊन ज्या फळ्यावरची धूळ झटकायचे, तो मी एका फोटोत रिकामा केला. ताई, मला रडू आले आणि मी रडलो. मशीनवाला शटरशी तोंड वळवून उभा राहिला. लोक पुन्हा गिऱ्हाईक म्हणून येतीलही, पण घराची किल्ली माझ्या हातात कोण देणार? दुकान म्हणजे शेवटी तेवढेच होते.

एवढ्यात पलीकडच्या निवृत्त हेडमास्तरीणबाई आल्या. सकाळीच त्यांनी मला सगळ्यांत जास्त झापले होते. नवी किल्ली टेबलावर आपटून म्हणाल्या, ‘‘लटकव. मला रोज विसरायला होतं, मी कुठे जाऊ? पण चिठ्ठीला हात लावलास तर याद राख!’’ चिठ्ठी त्यांनी स्वतः लिहिली. तिच्यावर काही नाही, नुसते एक फुलपाखरू. तासाभरात बेकरीवाला आला. मग गाण्याच्या बाई (दोन किल्ल्या घेऊन, कुंडी आता बंद). आज फळा निम्म्याहून जास्त भरला आहे! फुले आहेत, चांदण्या आहेत, एक मासा आहे. कुठली किल्ली कुणाची हे मला नीटसे कळत नाही, पण ज्याची त्याला कळते. आणि काल मशीनवाल्यानेही आपली एक आणून लावली.

तेव्हा वेबसाइट हवी, हे माझे मत पक्के आहे. आता तिच्यावर फक्त बंद शटरचा फोटो, फोन नंबर आणि वेळ आहे. तुझी भावजय म्हणते, हे तर पाटीवरही होते. पण पाटी बघून कुणी फोन करायचे का?

तुझा,
धाकटा

ता. क. फोन मोकळा नाही हे खरे, पण मशीनवाला त्याचा फोन देत होता. मीच नको म्हटले, कारण तुझा आवाज ऐकून मला पुढचे बोलता आले नसते. मागच्या खेपेला तू तुझ्या घराची किल्ली माझ्याकडे ठेवून गेलीस, तीही त्या फोटोत होती. दुसरी ओळ, मधोमध, उजेड तिच्यावर सर्वांत छान पडला होता. तरी पत्र हातात पडताच मागच्या दाराचे कुलूप बदलून घे.

ता. क. २. तुझ्या चिठ्ठीवर पत्ता पूर्ण आहे. पुढे ‘भाऊजी घरी असले तरी जागे होत नाहीत’ असे आहे. हे भाऊजींना सांगू नकोस. त्यांच्या ऑफिसातल्या कुणी तो फोटो त्यांना आधीच पाठवला असेल, तर मी क्षमा मागितली म्हणून सांग.

ता. क. ३. नवी किल्ली मला पाठवशील ना? जुनी मी काढून ठेवली, तेव्हापासून तुझ्या खिळ्यावर दोघांनी किल्ली अडकवायला घेतली होती. तुझ्या भावजयीने अडकवू दिली नाही.